असन्निधान आणि श्रद्धा

परमेश्वरावतार सन्निध असता जीवाने काय करावे आणि तो दृष्टीआड झाल्यावर काय करावे, हे ब्रह्मविद्येतील दोन निराळे प्रश्न आहेत. सन्निधानाच्या काळात दर्शन, सेवा व शब्दश्रवण ही साधने प्रत्यक्ष उपलब्ध असतात. असन्निधानाच्या काळात यांपैकी एकही उरत नाही. आजचा उपदेशी, वासनिक आणि भिक्षू हे सर्व या दुसऱ्या काळातील जीव आहेत. म्हणून ‘जो दिसत नाही त्याच्यावर श्रद्धा कशाच्या आधारे ठेवावी?’ हा प्रश्न त्यांच्यापुढे नित्य उभा असतो. तो विचारणे म्हणजे नास्तिक्य नव्हे. ज्याला विरह कळला त्यालाच हा प्रश्न पडतो.

अनुमानाची मर्यादा

अदृष्ट ईश्वराच्या सिद्धीसाठी दर्शनकारांनी प्रामुख्याने अनुमानाचा आश्रय घेतला. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त कार्यावरून कर्ता सिद्ध केला: घट आहे तर कुंभार आहे, तद्वत जग आहे तर त्याचा निर्माताही आहे. उलटपक्षी मीमांसकांना वेदप्रामाण्य मान्य असूनही जगत्कर्त्या ईश्वराची आवश्यकता वाटली नाही. निरीश्वर सांख्यांनी प्रकृती व पुरुष एवढ्यावरच विश्वाची उपपत्ती लावली. दोन्ही पक्षांचे युक्तिवाद सूक्ष्म आहेत. तथापि अनुमान यशस्वी झाले तरी ‘कोणी एक कर्ता असावा’ इतकेच त्यातून निष्पन्न होते. तो जीवाच्या उद्धाराची इच्छा धरतो काय, तो जीवाजवळ आला काय, याचे उत्तर अनुमान देत नाही. धुरावरून अग्नी कळतो, परंतु त्या ज्ञानाने थंडी जात नाही.

ही मर्यादा पाश्चात्य विचारवंतांच्याही अनुभवास आली. फ्रान्समधील थोर गणिती ब्लेज पास्कल १६६२ मध्ये निधन पावल्यावर त्यांच्या अंगरख्याच्या अस्तरात शिवलेला एक कागद सापडला. त्यावर २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री आलेल्या अनुभवाची टिपणे होती. आपल्या पूर्वजांशी ज्याने संबंध ठेवला तो देव आणि तत्त्वज्ञांनी तर्काने उभा केलेला देव, हा भेद त्या गणितज्ञाने तेथे स्पष्ट नोंदवला होता. ज्याची बुद्धी तर्कात मुरलेली होती त्यानेच तर्काची सीमा दाखवावी, हे लक्षणीय आहे.

स्मरण आणि कल्पना

यावर एक गंभीर आक्षेप येतो. लुडविग फॉयरबाख या जर्मन तत्त्वज्ञाने १८४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, मनुष्य स्वतःचेच उत्तम गुण आपल्याबाहेर कल्पितो आणि त्यांस देव म्हणतो. हे खरे मानल्यास अदृष्ट परमेश्वराचे चिंतन हा मनाचा आपल्याशीच चाललेला संवाद ठरेल. या आक्षेपाची उपेक्षा करणे योग्य नाही. कारण पुष्कळांची भक्ती वस्तुतः अशीच असते. आपल्या इच्छेला ते देवाचे रूप देतात आणि त्या इच्छेचीच पूजा करतात.

परंतु स्मरण आणि कल्पना यांत मूलगामी भेद आहे. कल्पनेला पूर्वी काही घडलेले असावे लागत नाही, स्मरणाला लागते. कल्पना मनाच्या सोयीप्रमाणे बदलते. स्मरणाला साक्षीदार असतो आणि चूक झाल्यास तो हटकतो. श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर आचार्य श्रीनागदेवांच्या परिवाराने जे कार्य केले त्याचे मर्म येथे आहे. म्हाइंभटांनी रिद्धपूर येथे लीळांचे संकलन केले. ज्यांनी पाहिले व ऐकले त्यांच्याकडून आठवणी मिळवल्या आणि त्या आचार्यांकडून पारखून घेतल्या. कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी, कोणाच्या प्रश्नावरून स्वामी काय बोलले, हे त्यांनी टिपले. मूळ पोथी परचक्रात नाहीशी झाल्यावर पुढील पिढ्यांनी स्मृतीतून पाठ सिद्ध केले आणि जेथे पाठभेद राहिला तेथे तो ज्याचा त्याच्या नावाने नमूद केला. ज्यास देव केवळ कल्पावयाचा आहे त्याला पाठभेदाची चिंता कशाला? स्वतःच्या मनोरथात पाठभेद नसतो. घडलेले जसेच्या तसे जपण्याची ही धडपड हेच श्रद्धेचे प्रामाणिक रूप होय.

हे स्मरण केवळ पंडितांसाठी नव्हते. संस्कृतात रचना करण्याचा विचार पुढे आला तेव्हा, त्यामुळे परिवारातील वृद्ध स्त्रिया वंचित होतील, म्हणून आचार्यांनी तो नाकारला. जी आठवण म्हातारीला कळत नाही ती परंपरेची आठवण होऊ शकत नाही, हा त्यातील भाव आहे.

काव्यातील दृष्टांत

असन्निधानाचा हाच विषय श्रीकृष्णचरित्रात दोन ठिकाणी आला आहे. भागवताच्या दशम स्कंधात श्रीकृष्ण रासाच्या समयी अंतर्धान पावतात. गोपी वनातील वृक्षवेलींना विचारीत हिंडतात, त्यांच्याच लीळांचे अनुकरण करू लागतात आणि उमटलेली पावले शोधतात. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा या चतुर्विध स्मरणाचा हा सहज दृष्टांत होय. एकादश स्कंधात प्रसंग अधिक कठीण आहे. तेथे उद्धवदेवाला सोबत राहण्याची अनुज्ञा मिळत नाही. त्याला बदरिकाश्रमास पाठवले जाते. तो पादुका मस्तकी धरून निघतो. भास्करभट्ट बोरीकरांनी आपल्या ‘उद्धवगीते’साठी हाच स्कंध निवडला. आपला परमेश्वर डोळ्यांदेखत गेल्याचे दुःख ज्या परिवारात ताजे होते, त्या परिवारातील कवीला उद्धवाचा निरोप अगदी जवळचा वाटावा, यात नवल नाही.

उद्धवाला सन्निधान मिळाले नाही, आज्ञा मिळाली. त्याचे प्रेम जितके थोर, तितकेच त्याचे निघून जाणेही थोर आहे.

भाव ओसरला असता

साधकाची खरी परीक्षा याच्याही पुढे असते. प्रारंभी स्मरणात गोडी असते. काही वर्षांनी ती ओसरते. नाम ओठांवर असते आणि चित्त कोरडे राहते. हा अनुभव एका पंथापुरता नाही. कोलकात्यात रुग्णसेवा केलेल्या मदर तेरेसा १९९७ मध्ये निवर्तल्या. त्यांची खासगी पत्रे २००७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेक वर्षे त्यांना अंतरी देवाची जवळीक जाणवत नव्हती, असे लोकांना कळले. सेवा मात्र अखंड चालू होती. त्यांचे तत्त्वज्ञान भिन्न आहे. परंतु भाव कोरडा झाला म्हणून आचरण सोडायचे नसते, एवढी गोष्ट त्यातून घेण्याजोगी आहे.

असन्निधानाच्या आचारात गोडी लागण्याची अट घातलेली नाही. अटन, विजन, भिक्षा व स्मरण हा भिक्षूचा क्रम भाव दाटला असता पाळावयाचा आणि भाव आटला असताही पाळावयाचा. वासनिकालाही स्थान, प्रसाद, भिक्षू व वासनिक यांच्याशी संबंध राखता येतो. स्वामींच्या चरणांनी पावन झालेल्या स्थानावर माथा टेकताना डोळ्यांत पाणी आले नाही, तरी ते स्थान खोटे होत नाही. विरह जाणवणे हीदेखील संबंधाची खूण आहे. ज्याचा कधी संबंधच नव्हता त्याची उणीव कोणाला भासत नाही.

एका दोषापासून मात्र सावध राहावे. चार पदार्थांत देवता व परमेश्वर हे भिन्न आहेत. देवता मर्यादित फळ देतात. मोक्षदाता परमेश्वर एकच. स्थानावर जाऊन पुत्र, धन वा आरोग्य यांचा नवस बोलणारा मनुष्य नाव परमेश्वराचे घेतो आणि व्यवहार देवतेशी करावा तसा करतो. फळ मिळाले तर तो संतुष्ट होतो, न मिळाले तर श्रद्धा गेली म्हणतो. वस्तुतः त्याची श्रद्धा फळावर होती. ते फळ गेले इतकेच.

सारांश, तर्काने परमेश्वराची शक्यता कळते. साक्षीदारांच्या स्मृतीने त्याचे येणे कळते. आचाराने त्या येण्याशी जीव बांधलेला राहतो. यांतील शेवटचा भाग दुसरा कोणी करून देऊ शकत नाही. म्हाइंभटांनी लीळा लिहून ठेवल्या. त्या आठवण्याचे काम आजच्या साधकाचे आहे.