फ्रेंच खानावळ आणि आपले ताट

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक रक्तदाब तपासून घ्यायला दवाखान्यात आले. त्यांना आपण गुरुजी म्हणू. वय ६३, मधुमेह आठ वर्षांपासून, रक्तदाबाचीही गोळी चालू. पुण्याला मुलाकडे पंधरा दिवस राहून ते नुकतेच परतले होते. तपासणी झाली, तरी गुरुजी उठेनात.

"डॉक्टर, मुलाने आम्हा दोघांना एका फ्रेंच हॉटेलात नेले होते. इनमीन सहा टेबले. कांद्याचे सूप, त्यावर चीज वितळवलेला पाव, आपल्या धिरड्यासारखा एक पदार्थ आणि सगळ्याला लोणी. मुलगा म्हणतो, फ्रेंच लोक हे रोज खातात, वर लाल वाइन घेतात, तरी त्यांना हृदयविकार कमी. मग तुम्ही आम्हाला चमचाभर तुपावरून का रागावता? आणि ती वाइन मी थोडीथोडी सुरू करावी का?"

प्रश्न गुरुजींचा असला तरी शंका अनेकांच्या मनात असते. मुले पुण्या-मुंबईत नोकरीला लागली, आईवडील त्यांच्याकडे जाऊ लागले, नवनवीन हॉटेलांत जेवू लागले. म्हणून आज या फ्रेंच जेवणाचा आरोग्याच्या अंगाने विचार करू.

बिस्त्रो म्हणजे काय?

फ्रान्समध्ये गल्लीबोळातील छोट्या खानावळीला 'बिस्त्रो' म्हणतात. मोजकी टेबले, गल्ल्यावर बहुधा मालक किंवा मालकीण, नेहमीची गिऱ्हाइके आणि फळ्यावर खडूने लिहिलेले त्या दिवसाचे दोन-चार पदार्थ. पुण्या-मुंबईतही गेल्या काही वर्षांत या धाटणीची हॉटेले निघाली. पुण्यात प्रभात रस्त्यावरील 'ल प्लेझिर'चे नाव त्यात अनेकांच्या परिचयाचे आहे.

आपण सर्रास वापरतो तो 'रेस्टॉरंट' हा शब्दही मूळचा फ्रेंच. त्याचा अर्थ 'शक्ती पुन्हा आणणारे'. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये अशक्त माणसांसाठी मांसाचे पौष्टिक कढण विकत असत. त्या कढणाला 'रेस्टॉरंट' म्हणत. पुढे ते मिळण्याच्या जागेलाच तेच नाव पडले. आपल्याकडे तापातून उठलेल्या माणसाला मुगाचे कढण किंवा हुलग्याचे माडगे देतात, तसाच हा प्रकार. म्हणजे रेस्टॉरंट हा मुळात आजाऱ्याचा आहार होता. आज तेथून जेवून आलेली माणसे पोट धरून आमच्याकडे येतात, हा भाग वेगळा!

फ्रेंच कोडे

आता गुरुजींच्या मुद्द्याकडे येऊ. लोणी-चीज भरपूर खाऊनही फ्रेंच लोकांत हृदयविकाराने होणारे मृत्यू तुलनेने कमी, ही गोष्ट १९९० च्या सुमारास जगभर गाजली. तिला 'फ्रेंच विरोधाभास' असे नाव पडले. सर्ज रेनो या फ्रेंच संशोधकाने १९९२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे श्रेय वाइनकडे बोट दाखवून दिले. झाले! लोकांना हवे होते तेच शास्त्राने सांगितले. लोणी-चीज आणि वाइन सर्वांच्या लक्षात राहिले. फ्रेंच माणूस किती खातो आणि कसा खातो, हे मात्र मागे पडले.

पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ते मोजून दाखवले. त्यांनी पॅरिस आणि अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील एकाच धर्तीच्या हॉटेलांतील पदार्थांचे वजन केले. फिलाडेल्फियाची बशी सरासरीने सुमारे २५ टक्के मोठी निघाली. शिवाय तेच बर्गर खायला पॅरिसचा माणूस अधिक वेळ घेत होता. थोडक्यात, फ्रेंच माणूस लोणी खातो, पण बशी लहान घेतो आणि निवांत बसून खातो. जेवणाच्या या रीतीला तेथे एवढे महत्त्व आहे की, २०१० मध्ये युनेस्कोने फ्रेंच भोजनपद्धतीचा जागतिक सांस्कृतिक वारशात समावेश केला.

पोट भरल्याचा निरोप

सावकाश जेवण्याचा फायदा काय, ते समजून घेऊ. अन्न पोटात पडू लागले की जठर ताणले जाते आणि मज्जातंतूंवाटे मेंदूला खबर जाते. अन्न आतड्यात उतरले की तेथून काही संप्रेरके रक्तात सुटतात. त्यांतील एकाचे नाव जीएलपी-१. वजन कमी करण्याच्या ज्या नव्या इंजेक्शनांची सध्या चर्चा आहे, ती याच संप्रेरकाची नक्कल करतात. 'पुरे आता' हा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. आपण दहा मिनिटांत चार चपात्या आणि भात संपवला, तर निरोप येईपर्यंत ताट रिकामे झालेले असते. जी भूक हजारोंच्या इंजेक्शनाने आवरायची, ती थोडीफार तरी घड्याळाकडे पाहून फुकट आवरता येते. अर्थात डॉक्टरांनी दिलेले औषध एवढ्यावरून बंद करू नये.

दुसरी गोष्ट क्रमाची. फ्रेंच जेवणात सूप किंवा कच्ची भाजी आधी येते, मुख्य पदार्थ नंतर आणि गोड सर्वांत शेवटी, तेही थोडे. भाज्या आणि प्रथिने आधी व भात-पोळी नंतर खाल्ली, तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असे मधुमेही रुग्णांवरील अभ्यासांत दिसून आले आहे. आपण कोशिंबीर ताटात डाव्या बाजूला वाढतो आणि बऱ्याचदा तिथेच ठेवून उठतो. गोडाचा घास मात्र पहिला!

फळ्यावरचे चार पदार्थ

बिस्त्रोची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तो खडूचा फळा. रोज चारच पदार्थ करायचे, ते त्या दिवशीच्या भाजीपाल्यातून करायचे आणि संपले की फळ्यावरून पुसायचे. उरवायचेच नाही, तर उद्या गरम करून वाढायचे काय? उलट, ज्या हॉटेलच्या कार्डावर दीडशे पदार्थ असतात, तेथे ते सगळे तुमच्या डोळ्यांदेखत ताजे होणे अशक्य. रस्सा सकाळी करून ठेवलेला, भात कालचा, तेल कढईत परवापासून.

शिळ्या भातात बॅसिलस नावाचे जंतू वाढतात. त्यांचे बीजाणू भात शिजवताना मरत नाहीत. शिजलेला भात खोलीच्या उष्णतेत तासन्‌तास राहिला की ते विष तयार करतात. भात पुन्हा गरम केला तरी ते विष नष्ट होत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. शिजलेले अन्न या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर त्याहूनही कमी.

तेलाचेही तसेच. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात घातक द्रव्ये साठतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल वापरू नये, असा नियम देशात जुलै २०१८ पासून लागू आहे. ग्राहकाला ते मोजता येत नाही, पण काळपट, फेसाळ आणि चिकट तेल डोळ्यांना दिसते व नाकाला कळते.

लोण्याचा हिशेब

म्हणजे लोणी चालते का? नाही. तेला-तुपाच्या एका ग्रॅममध्ये ९ उष्मांक असतात, तर पिठूळ पदार्थ आणि प्रथिने यांत ४. त्यात लोणी, साय आणि चीज यांतील स्निग्धांशाने रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढते. चीजमध्ये मीठही बरेच असते. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाबाच्या रुग्णाने चीज, पापड, लोणचे आणि खारे शेंगदाणे एका बैठकीत घेतले, तर त्या दिवसाच्या गोळीचा निम्मा उपयोग वाया गेला म्हणून समजा.

वाइन, आणि माझी चूक

आता वाइन. येथे मला एक कबुली द्यायची आहे. 'फ्रेंच विरोधाभास' गाजला तेव्हा मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो. पुढे व्यवसाय सुरू केल्यावर कोणी विचारले की, "थोडी घेतली तर चालेल, हृदयाला बरीच असते," असे मीही सांगत असे.

दहा-बारा वर्षांपूर्वी पहाटे चार वाजता एका घरून बोलावणे आले. घरधनी पन्नाशीच्या आतले, मधुमेहाच्या गोळ्या चालू. रात्री मित्रांबरोबर ढाब्यावर बसले होते. नुसत्या चकण्यावर बैठक झाली, जेवले नाहीत. घरी आले तेव्हा बोलणे अडखळत होते आणि अंगाला दरदरून घाम होता. 'जास्त झाली असेल, झोपू द्या,' असे घरच्यांना वाटले. मी पोचलो तेव्हा ते हाकेला ओ देत नव्हते. रक्तातील साखर निघाली ३४. शिरेतून ग्लुकोज दिले आणि थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. तास-दोन तास उशीर झाला असता, तर हे लिहिताना माझा हात थरथरला असता.

निघताना त्यांच्या पत्नी एवढेच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, थोडी चालते असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवसापासून मी ते वाक्य सोडले.

असे का झाले? उपाशीपोटी रक्तातील साखर टिकवून धरण्याचे काम यकृत करते. दारू पोटात गेली की यकृत ती निकामी करण्यात गुंतते आणि नवी साखर तयार करण्याचे काम मंदावते. त्यात साखर उतरवणारी गोळी पोटात असेल, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. घाम, थरथर, अडखळते बोलणे आणि गोंधळ ही लक्षणे नशेसारखीच दिसतात, आणि तेथेच घात होतो.

वाइनच्या त्या जुन्या दाव्याचेही पुढे काय झाले, ते ऐका. जुन्या अभ्यासांत 'न पिणाऱ्यां'च्या गटात, आजारपणामुळे दारू सोडलेली माणसेही धरलेली असत. त्यामुळे न पिणारे जास्त आजारी आणि थोडी पिणारे ठणठणीत दिसत. शिवाय दारू हे कर्करोगाचे निश्चित कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच नोंदवले होते. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच सांगितले की, आरोग्याला सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. वाइनही त्यात आली.

राहुरीत काय करावे?

आपल्या गावातून नगर-मनमाड रस्ता जातो. शिर्डी आणि शिंगणापूरच्या भाविकांची वर्दळ बारमाही, त्यामुळे हॉटेलांना तोटा नाही. आपणही लग्नाचा वाढदिवस, पाहुणेरावळे, मुलांचा हट्ट म्हणून बाहेर जेवतो. जरूर जेवावे, पण पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

१) आज ताजे काय केले आहे, ते विचारावे. मोजके पदार्थ करणारी आणि गिऱ्हाइकांचा राबता असलेली साधी खानावळ लांबलचक कार्डापेक्षा बरी.

२) कार्डावर असो वा नसो, आधी काकडी-टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर मागवावी. ती समोर चिरून मिळाली तर उत्तम. मग भाजी, उसळ किंवा अंडी-मांस, आणि शेवटी भाकरी-भात.

३) दोघांत एक भाजी घ्यावी. वर तरंगणारी तर्री चमच्याने बाजूला काढावी.

४) भात वाफाळता असेल तरच घ्यावा. कोमट भात परत करण्यात संकोच कसला?

५) जेवणाला निदान वीस मिनिटे द्यावीत. एसटी सुटत असेल तर ताट मागवू नये. दोन केळी आणि मूठभर फुटाणे पुरतात.

६) भिंतीवर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक लावलेला असतो, तो पाहावा. त्याहीपेक्षा हात धुण्याच्या जागी साबण आहे का, ते पाहावे.

७) मधुमेहाच्या रुग्णाने गोळी किंवा इन्शुलिन घेऊन जेवणाला उशीर करू नये. घाम, थरथर, गोंधळ जाणवला तर लगेच तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि बरे वाटताच खायला द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ ला फोन करावा. तो 'प्यायलेला आहे' असे समजून झोपू देऊ नये.

गुरुजींना मी एवढेच सांगितले, "तुमच्या मुलाने प्रेमाने नेले, तुम्ही चवीने जेवलात, छान झाले. वर्षातून दोनदा असे जेवायला माझी हरकत नाही. वाइन मात्र सुरू करू नका. आणि फ्रेंचांकडून काही घ्यायचेच असेल तर त्यांची लहान बशी आणि निवांतपणा घ्या."

गुरुजी हसून म्हणाले, "म्हणजे आमची आई म्हणायची, घास मोजून चावून खा, तेच की!"

"तेच," मी म्हणालो. "फक्त आईची फी नव्हती."