शाळेंतील उच्च गणित कीं महाविद्यालयाचा वर्ग?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गणितांत पुढें गेलेल्या शाळकरी विद्यार्थ्यापुढें दोन वाटा असतात. शाळेंतच ‘एपी’ कॅलक्युलस शिकणें ही एक. शाळेंत नांव असतांनाच जवळच्या महाविद्यालयाचा वर्ग करणें ही दुसरी.

पहिलींत श्रेयांकाचा सारा भार मे महिन्यांतील एका परीक्षेवर. गुण १ ते ५. पुष्कळ ठिकाणीं ३ पुरतात, नामांकित विद्यापीठें बहुधा ४ किंवा ५ मागतात. एबी पाठ सुमारें एका सत्राचा, बीसी दोन सत्रांचा. अनंत श्रेढी बीसींतच येतात आणि मुलांची खरी दमछाक तेथेंच होते.

दुसरींत वर्षभराच्या कामाचें मोल होतें, हें न्याय्यच. परंतु मिळालेली श्रेणी महाविद्यालयाच्या कायमच्या नोंदींत राहते. सोळा वर्षांच्या मुलानें ही गोष्ट हलकी समजूं नये. शिवाय हें श्रेय त्याच संस्थानांतील सरकारी विद्यापीठांत बहुधा चालतें. दूरच्या खासगी विद्यापीठांत चालेलच असें नाहीं. तेव्हां आधीं तेथील नियम वाचावे.

बीसी आटोपलेल्यास मात्र निवड उरत नाहीं. बहुचल कॅलक्युलस शिकविणाऱ्या शाळा थोड्याच. आणि ज्याचें बीजगणित कच्चें, त्यानें दोन्ही वाटा वर्षभर दूर ठेवाव्या.