कॉन्टेसा कापू नकोस

दुसरबीड,
ता. सिंदखेड राजा, जि. बुलढाणा

चि. बाबू,

तुझं पत्र आणि गाडीचे फोटो मिळाले. ताई फोनवर सांगत होती, की गाडी घेतल्यापासून तुझं जेवणात लक्ष नाही. असू दे, या वयात अशी गाडी हाती आल्यावर दुसरं काय होणार! १९८९ ची कॉन्टेसा क्लासिक, इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, तेही मूळचंच, आणि आरसी पुस्तकातले नंबर इंजिनावरच्या नंबरांशी जुळतात. तुझी नजर चांगली आहे. अशी गाडी आता शोधूनही सापडत नाही.

तू विचारलंस, गाडी आहे तशी ठेवू, का मित्र म्हणतात तशी तिची मसल कार करू? जपानी सहा सिलिंडरचं इंजिन, बॉनेट कापून वर हवेचं तोंड, काळा रंग, पांढरे पट्टे, रुंद टायर, मोकळा सायलेन्सर. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. इंजिन बदलू नकोस आणि पत्रा कापू नकोस. याखेरीज तिच्यात करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं काही तर लगेच करायला हवं. ते पुढे लिहितो.

मसल कार हा मूळचा अमेरिकेतला प्रकार. १९६४ साली पाँटियाकनं मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवून जीटीओ काढली आणि तिथून ती लाट आली. पाँटियाक ही जनरल मोटर्सची कंपनी होती. इंग्लंडची व्हॉक्सहॉलसुद्धा तेव्हा त्याच घराण्यातली. व्हॉक्सहॉलची व्हिक्टर ही १९७० च्या दशकातली गाडी. तिथे ती बंद झाल्यावर तिचे साचे हिंदुस्तान मोटर्सनं घेतले आणि बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९८४ पासून त्यावर कॉन्टेसा बनू लागली. तिचं लांब नाक, चार दिवे आणि मागचा सपाट डिकीचा भाग पाहून तुझ्या मित्रांना अमेरिकन गाडी आठवते, ती उगाच नाही. नातं खरंच आहे.

सुरुवातीला तिच्यात अँबेसिडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं, ताकद जेमतेम पन्नास हॉर्सपॉवर. एवढ्या जड अंगाला ते पुरत नव्हतं. मग इसुझूचं इंजिन आलं, ८८ हॉर्सपॉवरचं, सोबत पाच गिअर. त्या काळी रस्त्यावरची मारुती ८०० चाळीस हॉर्सपॉवरच्याही आत होती, हे लक्षात घे. जालना रोडला मागून कॉन्टेसा आली की बाकीचे डावीकडे सरकायचे. आपल्या देशात त्या वर्षांत सामान्य माणसाच्या नजरेस पडणारी ताकदवान गाडी म्हणजे हीच होती. बाबू, तुझी गाडी मसल कार करायची राहिलेली नाही. आपल्याकडची मसल कार तीच, आणि ती त्या ८८ हॉर्सपॉवरच्या इंजिनामुळे. ते काढून परदेशी भंगारातलं इंजिन बसवलंस, तर हाती उरेल तो फक्त कॉन्टेसाचा सांगाडा.

आता कारागिराच्या नजरेतून सांगतो. जीपला खाली वेगळी चासी असते, वरची बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. कॉन्टेसाचं तसं नाही. तिचा पत्रा हीच तिची चासी. लांब इंजिन बसवायचं म्हणजे केबिनसमोरचा पडदा मागे ठोकावा लागतो, खालचा आडवा बीम कापावा लागतो, गिअरबॉक्ससाठी मधला बोगदा रुंद करावा लागतो. एकदा गॅस कटर लागला, की मूळ माप पुन्हा येत नाही. वेल्डिंग कितीही सुरेख असो, दोन पावसाळ्यांनी त्याच शिवणीतून गंज डोकावतो. शिवाय दुप्पट ताकदीचं इंजिन घातलं, की मागचा एक्सल, प्रोपेलर शाफ्ट, ब्रेक, सस्पेन्शन, सगळंच अपुरं पडतं. एक बदलायला गेलं की चार बदलावे लागतात. अशा गाड्या मी अर्ध्यावर सोडून दिलेल्या पाहिल्या आहेत. शेडच्या कोपऱ्यात इंजिनाविना उभ्या, काचांवर धूळ, मालकाचे पैसे संपलेले आणि हौसही.

इथेच कोणी म्हणेल, की मामा, तुम्हीच तर आयुष्यभर जीपा बदलल्या. बदलल्या, आणि त्यात काही वावगं झालं असं मला वाटत नाही. महिंद्राच्या जुन्या जीपा कामाच्या होत्या. कोणी हूड पत्र्याचा केला, कोणी मागे समोरासमोर बाकं टाकून सवारीला लावली, कोणी हूक लावून ट्रॉली ओढली. ते वाहनच त्यासाठी केलेलं होतं आणि त्याचे सुटे भाग आजही तालुक्याच्या गावी मिळतात. कॉन्टेसा २००२ साली बंद झाली, उत्तरपाड्याचा कारखानाही २०१४ मध्ये बंद पडला. नवा मडगार्ड, नवी काच, नवा दिवा यायला आता जागाच नाही. चांगली कॉन्टेसा कापली की जगातून एक कमी होते. तुझ्या हाती एखादा इंजिन नसलेला, गंजलेला सांगाडा आला असता, तर कदाचित मी तुला दुसरं सांगितलं असतं. पण तुझी गाडी धडधाकट आहे.

कायद्याचंही ऐक, कारण तिकडे पुण्यात तुला याबद्दल कोणी धड सांगणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंजिन निकामीच झालं, तर त्याच जातीचं दुसरं बसवता येतं, पण आधी आरटीओची परवानगी लागते. तुझ्या गाडीचं पासिंग दर पाच वर्षांनी होणार. त्या दिवशी इन्स्पेक्टर बॉनेट उघडून नंबर पाहणार. नंबर जुळला नाही तर पुढचं मी लिहायला नको. अपघात झाला तर विमा कंपनीही याच मुद्द्यावर हात वर करते.

आणखी एक गोष्ट तुझ्या मित्रांना ठाऊक नसेल. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षं झालेली गाडी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली, अशीच गाडी त्यात बसते. तिला व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. तुझी गाडी २०३९ मध्ये पन्नाशीत जाईल. तेव्हा तू चाळिशीत असशील, कदाचित तुझं पोर मागच्या सीटवर बसलेलं असेल. आज कापलेल्या गाडीला ते दार कायमचं बंद होतं. अशा नोंदणीनंतर गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशाच कारणांसाठी बाहेर काढता येते, हेही आत्ताच माहीत असू दे.

सिंदखेड राजाला लखुजीराव जाधवांच्या समाधीवर तुला लहानपणी नेलं होतं. तिथलं बांधकाम चुन्यातलं. अशा भिंतीला कोणी सिमेंटचा गिलावा दिला की आत ओल कोंडते आणि दगड झिजू लागतो. म्हणून जाणकार माणसं चुन्याला चुनाच लावतात. तुझ्या गाडीलाही हाच नियम लाव. जे करशील ते उद्या काढून ठेवता येईल असं कर, आणि जे काढशील ते फेकू नकोस. जुना कार्बोरेटर, चाकांच्या टोप्या, मूळचं स्टिअरिंग, रबराची एक पट्टीसुद्धा, सगळं कागदात गुंडाळून, वर चिठ्ठी लावून पेटीत ठेव.

आता जे करायचं त्याकडे येतो. रंगाचा विचार सगळ्यात शेवटी.

आधी लोहचुंबक घे. फडक्यात गुंडाळ, म्हणजे ओरखडे पडणार नाहीत. दाराखालच्या पट्टीवर, मागच्या चाकाच्या कमानीवर, डिकीत स्टेपनी ठेवतात त्या खड्ड्यात, पुढच्या काचेच्या खालच्या कडेला तो हळूहळू फिरव. चुंबक जिथे घट्ट धरतो तिथे पत्रा आहे. जिथे सैल पडतो किंवा घसरतो, तिथे आत पुट्टी भरलेली आहे. खडूनं त्या जागी खूण कर आणि खुणांचे फोटो मला पाठव. दुरुस्ती करायची ती या खुणांची, आणि तीही तेवढाच कुजलेला तुकडा काढून त्याच जाडीचा पत्रा लावून. वरून पुट्टी थापून रंग देणाऱ्याकडे गाडी नेऊ नकोस, तो कितीही स्वस्त असो.

मग ब्रेक. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत ब्रेक ऑइल ओल शोषून घेतं आणि आतली रबरं चिकटतात. चारही चाकांचं काम, मास्टर सिलिंडर, नळ्या, सगळं नवं करून घे. इथे पैसा वाचवायचा नाही. टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून फसू नकोस. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१६ असेल तर तो टायर २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. तुझ्या फोटोत मला पुढच्या टायरवर चिरा दिसल्या, तेव्हा ते चारही आधी बदल. तू समृद्धी महामार्गावर गाडी पळवायचं लिहिलं आहेस. सिंदखेड राजाहून चढायला मार्ग आहे, रस्ता सरळ आहे, मर्यादा १२० ची आहे, सगळं खरं. पण उन्हाळ्यात त्या काँक्रीटवर जुने टायर तापून फुटतात आणि इतक्या वेगात टायर फुटला की ड्रायव्हरच्या हाती काही उरत नाही. आपल्याच तालुक्यात पिंपळखुट्याजवळ जुलै २०२३ मध्ये बस पेटून पंचवीस माणसं गेली. त्या रस्त्यानं वेगाची भूल घालू नये म्हणून हे लिहितो. कॉन्टेसा ऐंशी-नव्वदवर डौलात चालते. तिला तेवढ्यावरच चालव. वेगच हवा असेल तर पगारातून साठवून नवी गाडी घे, तिच्यात एअरबॅगही असतील.

वायरिंग पूर्ण नवं कर. डॅशबोर्डखाली कोणीतरी काळ्या टेपनं जोडलेल्या तारा तुझ्या फोटोतही दिसतात. हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून जात असेल तर रिले टाकून घे. दिवे उजळतील, स्विच जळणार नाही, आणि हा बदल बाहेरून दिसतही नाही. चांगले सीट बेल्ट, डबल फॅन, मोठ्या कोअरचा रेडिएटर, हे सगळं खुशाल कर. मूळ टाक्या ठेवून फक्त कोअर बदलणारे कारागीर जालन्यात आहेत.

पेट्रोलची गोष्ट विसरू नकोस. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. तुझ्या गाडीचा जन्म झाला तेव्हा असं इंधन कोणाच्या मनातही नव्हतं. इथेनॉल जुनी रबरं खातं. पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केट, हे सगळं इथेनॉल सोसणारं घाल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे मिश्रण पातळ होतं आणि कार्बोरेटरला ते आपसूक सावरता येत नाही, म्हणून जेट थोडा मोठा लागेल. तो जाणत्या माणसाकडून बसवून घे. इथेनॉल पाणीही ओढतं, तेव्हा महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल ठेवून गाडी उभी करू नकोस. आपला जिजामाता साखर कारखाना चालू असता तर त्यातला एखादा थेंब आपल्याच शिवारातल्या उसाचा असता, हे मात्र मनात येतंच.

काळ्या रंगाचं काय, ते तू ठरव. मला विचारशील तर कंपनीचा पांढरा किंवा तुझ्या आरसीवर जो लिहिला असेल तो. पट्ट्यांचा फारच मोह असला तर स्टिकरचे लाव, हौस फिटली की सोलून काढता येतील. मोकळा सायलेन्सर मात्र नको. गल्लीत म्हातारीकोतारी, लेकरं झोपलेली असतात, आणि त्या इसुझू इंजिनाचा स्वतःचा घोगरा आवाज ऐकायला आला की तुलाही तो पुरेल.

इंजिन उघडायचं असेल तर ते पुण्यात कोणाकडेही टाकू नकोस. राहेरीचा पूल ओलांडून सरळ इकडे घेऊन ये. क्रँक, बोअर, व्हॉल्व्ह, सगळं आपण दोघं मोजू आणि काय झिजलं तेवढंच बदलू. मात्र तुझ्या पत्रात एक ओळ आहे, की मूळ इंजिनाला कोणीतरी गिऱ्हाईक आलंय. त्याला अजून शब्द दिला नसशील तर आजच फोन करून नाही म्हण, आणि दिला असशील तरीही नाही म्हण. विसार घेतला असेल तर तो परत कर. कमी पडले तर माझ्याकडून ने.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा