गात गात शिकवणारा गुरू: ९ मे, रेव्ह. टिळकांची आठवण

आजचं वाचन: कलस्सैकरांस पत्र ३:१२-१७
मननासाठी: वचन १६



आज ९ मे. १९१९ साली याच दिवशी रेव्ह. नारायण वामन टिळक मुंबईत प्रभूकडे गेले. शाळेत 'केवढे हे क्रौर्य' शिकलेल्यांना ते कवी म्हणून माहीत असतात. रविवारी उपासना-संगीत उघडणाऱ्यांना ते पानाच्या खाली छापलेलं एक नाव म्हणून माहीत असतात. मलाही इतकंच माहीत होतं. यंदा त्यांच्याबद्दल वाचायला लागलो, त्याला कारण माझी एक चूक. ती पुढे सांगतो. आधी वचन.

वचन काय म्हणतं?

पौल तुरुंगातून लिहितोय. ख्रिस्ताचं वचन तुमच्यात पाहुण्यासारखं येऊन-जाऊन नको, घरच्यासारखं भरून राहू दे, असं तो सांगतो. आणि त्याचा मार्ग कोणता? एकमेकांना शिकवा, बोध करा, आणि हे गाण्यांमधून करा.

मी हे वचन कितीतरी वेळा वाचलंय. पण माझ्या डोक्यात दोन वेगळे फोल्डर होते. शिकवणं म्हणजे उपदेश, आणि गाणं म्हणजे उपदेशाआधीचा वॉर्म-अप. पौल हे दोन्ही एकाच वाक्यात बांधतो. कारणही समजण्यासारखं आहे. कलस्सैच्या मंडळीत प्रत्येकाच्या हातात शास्त्र नव्हतं. पत्र आलं की ते सगळ्यांना वाचून दाखवलं जायचं (४:१६ बघा). ऐकून घरी गेल्यावर माणसाजवळ काय उरणार? जे तोंडपाठ झालं तेवढंच. आणि तोंडपाठ होतं ते गाणं.

आपल्या महाराष्ट्राला हे नवीन नाही. ज्यांनी कधी पाटी हातात धरली नाही, अशा लोकांनी तुकोबा पाठ केले ते अभंगातून, टाळ-मृदंगाच्या साथीने.

नागपूरहून निघालेली गाडी

टिळकांची गोष्ट आपल्या गावातून जाते, हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं! जन्म १८६१, कोकणातल्या करजगावचा. संस्कृतचे जाणकार, पण एका जागी न टिकणारे. गावोगाव शिक्षकाची नोकरी करत ते १८९१ च्या सुमारास नागपूरला आले. इथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम केलं. मग १८९३ मध्ये दुसऱ्या कामाच्या शोधात राजनांदगावला निघाले.

त्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. दोघांच्या कवितेवर गप्पा झाल्या. उतरताना त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही म्हणाला. टिळकांना ते काही पटलं नाही. पण वाचेन असा शब्द दिला होता, म्हणून पेन्सिल घेऊन वाचायला बसले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात डोंगरावरचं प्रवचन आलं, आणि तिथून ते उठू शकले नाहीत.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याची किंमत मोठी होती. जात गेली, नातेवाईक तुटले. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहान मुलगा दत्तू अनेक वर्षं दूर राहिले. त्यांनी लक्ष्मीबाईंवर जबरदस्ती केली नाही. पुढे त्या परत आल्या, आणि स्वतःचा निर्णय होईपर्यंत स्वतःच्या पद्धतीने राहिल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्याकडून तीन गोष्टी

१. त्यांनी आपल्या मातीचा सूर ठेवला.
त्या काळी मंडळीत बरीच गाणी इंग्रजी चालींवर बेतलेली होती. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती भजन-कीर्तनाची वाट आधी पाडली होती. टिळकांनी तिचा हमरस्ता केला. अभंग, ओवी, पद, कीर्तन, सगळं त्यांनी येशूच्या चरणी आणून ठेवलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. उपासना-संगीतात दोनशेच्या वर गीतं त्यांची आहेत. म्हणजे आपण नकळत टिळकांच्या शब्दांत प्रार्थना करायला शिकलो.

२. त्यांचा वर्ग घरात भरायचा.
अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) ते मिशनच्या सेमिनरीत शिकवत. पण त्यांचे सगळ्यात मोठे विद्यार्थी घरातच होते. लक्ष्मीबाई लग्नात अकरा वर्षांच्या, शाळा न पाहिलेल्या. टिळकांनी त्यांना अक्षरं शिकवली. त्याच बाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिलं, आणि टिळकांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन'ही पूर्ण केलं. टिळकांनी साडेदहा अध्याय लिहिले होते, बाईंनी त्यापुढे चौसष्ट! दुसरा विद्यार्थी त्र्यंबक ठोमरे, म्हणजे आपले बालकवी. तो या घरात मुलासारखा राहिला. तो ख्रिस्ती झाला नाही, तरी त्याच्यावरची माया कमी झाली नाही.

३. ते शेवटपर्यंत शोधत राहिले.
१९१७ मध्ये, पंचावन्नच्या वयात, त्यांनी मिशनची नोकरी सोडली. साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, येशूवर प्रेम करणारे सगळे एकत्र बसतील अशी जागा. दोनच वर्षांत ते गेले. काम लहानच राहिलं. पण धाडस बघा.

आणि माझी चूक

आमच्या मंडळीत एक काका अनेक वर्षं पेटी वाजवतात. रविवारच्या शाळेत मला वाचता येत नव्हतं तेव्हापासून त्यांनी आम्हाला भजनं शिकवली. टाळ धरायला लावायचे, चुकलो की पेटी थांबवून नुसतं बघायचे. रागवायचे नाहीत कधी.

दोन वर्षांपूर्वी गाण्यांची जबाबदारी माझ्याकडे आली. गिटार, कीबोर्ड, प्रोजेक्टर. यादी मी शनिवारी रात्री मोबाईलवरच करायचो. हळूहळू भजनं यादीतून गेली. 'तरुणांना कनेक्ट होत नाही' हे माझं कारण. कोणाला विचारलं नव्हतं. काकांनाही सांगितलं नाही. ते दोन-तीन रविवार पेटीजवळ येऊन बसले, मग मागच्या बाकावर बसायला लागले.

मागच्या हिवाळ्यात माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा कॉल, मग लॅपटॉप लॉक. घरी ईएमआय, लहान मुलगी. रात्री प्रार्थनेला बसायचो आणि शब्दच सुचायचे नाहीत. प्रोजेक्टरवरच्या गाण्यांपैकी एकही ओळ आठवेना, कारण ती कधी पाठ केलीच नव्हती, फक्त वाचली होती. आठवलं ते सात वर्षांचा असताना काकांनी शिकवलेलं एक भजन. चालीसकट, पूर्ण. तेच रोज गुणगुणलो. त्या दिवसांत मला दुसरी प्रार्थना नव्हती.

आता नवीन काम मिळालंय. मिहानला जाता-येता मेट्रोत टिळकांबद्दल वाचत होतो आणि एकदम जाणवलं, ज्या माणसाने मला वचन १६ दिलं, त्यालाच मी मागच्या बाकावर बसवलं.

गेल्या रविवारी संध्याकाळी काकांकडे गेलो. बाहेर ऊन उतरलं नव्हतं, कूलर चालू होता. मी माफी मागायला लागलो. त्यांनी हातानेच थांबवलं.

"माफी-बिफी राहू दे बाबू. पट्टी लय उंच धरून राहिले तुम्ही लोकं. म्हाताऱ्या बाया गातील कशा? म्हणून सारे नुसते पडद्याकडे पाहून राहतात."

दोन वर्षं त्यांना हे दिसत होतं. मी विचारलंच नव्हतं, म्हणून ते बोलले नव्हते. येत्या रविवारपासून लहान मुलांना भजन शिकवायला ते येणार आहेत. माझी मुलगीही बसेल. पेटीचा भाता दुरुस्त करायचाय, ते काम माझ्याकडे.

आज करून बघा

- ज्याने तुम्हाला पहिलं गीत शिकवलं, त्या माणसाला आज फोन करा. ती व्यक्ती नसेल, तर तिच्या घरच्यांना करा.
- एक गीत निवडा आणि या आठवड्यात पाठ करा. स्क्रीनशिवाय.
- घरातल्या किंवा मंडळीतल्या एका लहान मुलाला ते शिकवा.

प्रार्थना

प्रभू येशू, ज्यांनी गात गात आम्हाला तुझी ओळख करून दिली त्यांच्यासाठी तुझे आभार. आम्ही त्यांना बाजूला सारलं असेल, तर क्षमा कर. तुझं वचन आमच्या ओठांवर आणि आमच्या मुलांच्या ओठांवर राहू दे. आमेन.

उद्या भेटू, याच पत्राच्या चौथ्या अध्यायात.