दूरची सारणी आणि नोंदीची ओळख

मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये दुसऱ्या संगणकावरील सारणी ‘ओडीबीसी’ या मध्यस्थामार्फत जोडता येते. माहिती मूळ ठिकाणीच राहते. आपल्याकडे असतो तो तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग. सारणी वाचता येते, दुरुस्त मात्र करता येत नाही, अशी अडचण आली की दोष बहुधा जोडणीला दिला जातो. खात्याला लेखनाचा अधिकार नसेल, तर तो योग्यही ठरतो. परंतु पुष्कळदा उणीव सारणीतच असते. समजा, ग्रंथालयाच्या सभासद-सारणीत एकाच नावाच्या दोघी आहेत. पत्ता कोणाचा बदलावा, हे यंत्राने कसे ठरवावे? त्यासाठी सभासद क्रमांकासारखा, प्रत्येक नोंदीस वेगळा असणारा स्तंभ, म्हणजे ‘प्रायमरी की’, हवा. तो नसल्यास जोडणी करतानाच अ‍ॅक्सेस विचारते, की नोंद कोणत्या स्तंभावरून ओळखावी. घाईत हा प्रश्न टाळला, तर सारणी केवळ वाचनापुरती उरते. नावाचा स्तंभ निवडणे त्याहून वाईट. यंत्र ते खरे मानते आणि एकीच्या जागी दुसरीची नोंद दाखवू शकते. म्हणून मूळ सारणीतच ‘प्रायमरी की’ निश्चित करावी आणि त्यानंतर जुनी जोडणी काढून ती नव्याने करावी.