गहू आणि लहान आतडे : एका आनुवंशिक विकाराचा शोध

मूल पोटभर जेवते, पण खाल्लेले अंगी लागत नाही, ही तक्रार गावोगावच्या अंगणवाडीत आणि शाळेत नेहमी ऐकू येते. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र पुढे आलेले, शौचास वारंवार, पातळ आणि दुर्गंधीयुक्त, स्वभाव चिडचिडा. असे मूल दिसले की जंत, दूषित पाणी, क्षय किंवा अपुरा आहार यांपैकी एखादे कारण सांगितले जाते आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु जंतांचे औषध झाले, पाणी उकळून दिले, लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने दिल्या, तरी ज्याचे वजन हलत नाही आणि ज्याच्या रक्तातील कमतरता भरून येत नाही, असे एखादे मूल उरते. दोष आईच्या माथी मारला जातो. वस्तुतः त्या मुलाला उपासमार होत असते ती ताटात पोळी पडत असताना, आणि काही अंशी त्या पोळीमुळेच. या विकारास सिलिअ‍ॅक रोग असे म्हणतात.

या रोगाचे पहिले आधुनिक वर्णन सॅम्युएल गी या इंग्रज वैद्याने १८८८ साली प्रसिद्ध केले. हा रोग बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, हे त्याने ओळखले होते. मात्र कोणत्या आहाराने, हे त्याला उमगले नाही. रोज समुद्रातील शिंपले खाऊन एक मूल सुधारले आणि शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा खंगले, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. पुढे १९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांवर भर देणारा आहार सुचविला. मुले सुधारली, आणि केळ्यातच काही गुणकारी द्रव्य असले पाहिजे असा समज कित्येक वर्षे टिकला. त्या आहारातून पाव वगळलेला होता, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. काय दिले याचा विचार सर्वांनी केला, काय काढून घेतले याचा कोणी केला नाही.

हा विचार करणारा माणूस म्हणजे हॉलंडमधील द हेग येथील मुलांच्या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. विलेम कारेल डिके. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम हॉलंडमध्ये भीषण दुष्काळ पडला, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढले. या काळात इतर मुले रोडावत असता सिलिअ‍ॅकची मुले सुधारली आणि विमानांतून पाव येताच ती पुन्हा आजारी झाली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. कथा मनोवेधक आहे खरी, परंतु तिने डिके यांच्या चिकाटीवर अन्याय होतो. गव्हाविषयीचा संशय त्यांना युद्धातील त्या दुष्काळापूर्वीच आला होता आणि गहू वर्ज्य केलेल्या आहाराविषयी त्यांनी १९४१ सालीच लिहिले होते. दुष्काळाने संशय बळावला. पुरावा मात्र त्यांनी युद्धानंतर मोजून-मापून गोळा केला. थोड्याच मुलांना त्यांनी दीर्घकाळ गव्हाविना ठेवले, मग गहू देऊन पाहिला, पुन्हा बंद केला आणि प्रत्येक टप्प्यावर वजनाच्या नोंदी ठेवल्या. १९५० साली उत्रेख्त विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात हे सारे आले आहे. त्यांचे सहकारी फान डे कामर यांनी मलातील स्निग्ध पदार्थ मोजण्याची पद्धत बसविली होती, त्यामुळे किती स्निग्धांश न पचता वाया जातो हे आकड्यांत सांगता येऊ लागले. नंतर गव्हाचे पीठच घटकांमध्ये विभागून पाहण्यात आले. त्यातील पिष्टमय भाग निरुपद्रवी ठरला. अपाय करणारा निघाला तो ग्लुटेन हा चिकट प्रथिनांश.

हा ग्लुटेन पाहण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. कणकेचा गोळा वाहत्या पाण्याखाली चोळीत राहिल्यास पांढरे पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा ताणला जाणारा पदार्थ उरतो, तोच ग्लुटेन. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढताना बव्हंशी हाच पिष्टभाग वेगळा होतो. मात्र घरगुती चिकात ग्लुटेनचा अंश उरतोच. तेव्हा या रुग्णांस कुरडया चालतील, असे कोणी समजू नये.

आतड्यात काय घडते

कारण सापडले तरी आतड्यात नेमके काय बिघडते याचा उलगडा लगेच झाला नाही. मृत्यूनंतर आतड्याचे अस्तर काही तासांतच कुजू लागते. त्यामुळे शवविच्छेदनात दिसलेले बदल रोगाचे की कुजण्याचे, हे सांगता येत नसे आणि विकृतिशास्त्रज्ञ ते सोडून देत. १९५४ साली इंग्लंडमधील डॉ. पॉली यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जिवंत रुग्णांच्या आतड्याचे तुकडे घेऊन तपासले, तेव्हा बदल खरे असल्याचे सिद्ध झाले. लवकरच शस्त्रक्रियेवाचूनही तुकडा मिळू लागला. १९५६ साली मार्गो शायनर यांनी तोंडावाटे आतड्यापर्यंत पोचणारी नळी वापरली आणि पुढच्याच वर्षी क्रॉस्बी यांची गिळता येण्याजोगी धातूची कुपी आली. आज हे काम दुर्बिणीच्या तपासणीत होते.

निरोगी लहान आतड्याचे अस्तर मखमलीसारखे असते. त्यावर बोटांच्या आकाराचे असंख्य सूक्ष्म रसांकुर असतात आणि अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांच्याकडे असते. सिलिअ‍ॅक रोगात हे रसांकुर आखूड होत होत सपाट होतात, त्यांच्या मुळाशी असलेल्या खाचा लांब व खोल होतात आणि अस्तरात पांढऱ्या पेशींची गर्दी होते. शेताची माती वाहून गेल्यावर पाऊस पडूनही ओल धरत नाही, तशी या आतड्याची अवस्था होते. लोह मुख्यत्वे आतड्याच्या आरंभीच्या भागात शोषले जाते आणि इजा तेथेच अधिक असते. गोळ्या देऊनही न हटणारा रक्तक्षय पुष्कळदा या रोगाचे एकमेव लक्षण असतो, तो याचमुळे. काही मुलांत जुलाब नसतातच. केवळ उंची खुंटते. प्रौढांत हाडे ठिसूळ होतात. सुदैवाने ही हानी कायमची नसते. ग्लुटेन पूर्णपणे बंद केल्यास रसांकुर पुन्हा वाढतात. मुलांत ते लवकर भरून येतात, मोठ्यांत मात्र कधी कधी वर्ष-दोन वर्षे लागतात.

जनुकांची साक्ष

एकाच कणकेची पोळी खाणाऱ्या घरात एकच मूल आजारी का पडते? सख्ख्या नात्यातील शंभर जणांपैकी सात ते दहा जणांना हा रोग आढळतो आणि एकरूप जुळ्यांपैकी एकास तो असल्यास दुसऱ्यास असण्याचा संभव तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतो. रक्ताच्या नात्याचा संबंध यावरून उघड होतो. १९७२ साली या रोगाचा एचएलए या जनुकसमूहाशी संबंध असल्याचे दिसून आले. सहाव्या गुणसूत्रावरील हा समूह शरीराला आपले आणि परके यांची ओळख पटवून देतो. १९८९ साली नॉर्वेतील लुडविग सोलिड व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील नेमका रेणू दाखवून दिला. त्याचे नाव डीक्यू-२. नव्वद टक्क्यांच्या आसपास रुग्णांत तो असतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांत डीक्यू-८ हा त्याचा भाईबंद सापडतो.

पुढील दुवा १९९७ साली जर्मनीत मिळाला. रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या शरीराच्याच एका एन्झाइमाविरुद्ध असतात, असे तेव्हा आढळले. ग्लुटेनचे काही तुकडे पचनरसांना दाद देत नाहीत. ते आतड्याच्या अस्तरात शिरले की हे एन्झाइम त्यांच्या रचनेत किंचित फरक करते. त्या फरकामुळे ते डीक्यू-२ च्या खोबणीत घट्ट बसतात आणि प्रतिकारपेशी त्यांना शत्रू समजून हल्ला चढवितात. या झटापटीत जायबंदी होते ते स्वतःचेच आतडे. आज निदानासाठी प्रथम केली जाणारी रक्ततपासणी याच प्रतिपिंडांची असते.

येथे एक गैरसमज टाळणे अगत्याचे आहे. डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ असणे म्हणजे रोग असणे नव्हे. अनेक समाजांत तीस ते चाळीस टक्के लोकांमध्ये हे रेणू असतात, रोग मात्र सुमारे एक टक्क्यालाच होतो. जनुकांची तपासणी ‘नाही’ म्हणाली तर रोगाची शक्यता जवळजवळ संपते. ‘आहे’ म्हणाली तर फारसे काही सिद्ध होत नाही. केवळ या तपासणीच्या आधारे मुलाचा गहू सोडविणारा सल्ला म्हणूनच ग्राह्य मानू नये.

भारतातील चित्र

हा गोऱ्या लोकांचा रोग, अशी समजूत भारतातही बराच काळ होती. दिल्ली परिसरातील २०११ च्या पाहणीत दर ९६ व्यक्तींमागे एकास हा रोग आढळला, तेव्हा ती समजूत मोडली. २०१६ साली प्रसिद्ध झालेली पाहणी त्याहूनही उद्‌बोधक आहे. उत्तर, ईशान्य व दक्षिण भारतातील २३ हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत रोगसूचक प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत अवघे ०.१० टक्के होते. संबंधित जनुकांचे प्रमाण मात्र उत्तरेत ३८.१ आणि दक्षिणेत ३६.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच! अंतर होते ते ताटात. उत्तरेत माणशी रोजचा गहू सरासरी ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत २५ ग्रॅम. बी सर्वत्र सारखेच पेरलेले आहे, खत मात्र निरनिराळे पडते, असाच याचा अर्थ होतो. ईशान्येत गहू केवळ ३७ ग्रॅम असूनही प्रमाण बरेच आहे, तेव्हा गव्हाखेरीज आणखीही काही कारणे असली पाहिजेत.

या पाहणीच्या तीन विभागांत महाराष्ट्र नव्हता. परंतु दोन पिढ्यांपूर्वी ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर जगणाऱ्या जिल्ह्यांत आज चपाती रोजची झाली आहे आणि मुलांच्या हाती बिस्कीट व पाव आले आहेत, हे लक्षात घेता दक्षिणेच्या आकड्यावर येथे निश्चिंत राहणे योग्य नाही. निदानात घाईही नको. आपल्याकडे सपाट झालेले रसांकुर दिसले म्हणजे सिलिअ‍ॅकच, असे म्हणता येत नाही. जिआर्डियाचा संसर्ग आणि उष्णकटिबंधीय संग्रहणी यांतही तसे बदल होतात. दक्षिण भारतातील या संग्रहणीवर वेल्लोर येथे बेकर आणि मथान यांनी केलेले संशोधन प्रसिद्धच आहे. रक्ततपासणी, आतड्याचा तुकडा आणि गहू बंद केल्यावर झालेली सुधारणा यांचा एकत्रित विचार करूनच डॉक्टर निर्णय देतात. म्हणूनच तपासणीपूर्वी गहू बंद करणे चुकीचे ठरते. प्रतिपिंडे ओसरतात, रसांकुर भरू लागतात आणि खरा रोग झाकला जातो.

एकदा निदान पक्के झाले की गहू, सातू म्हणजे जव आणि राय ही धान्ये जन्मभर वर्ज्य. यावर औषध नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी आणि सर्व डाळी निर्धास्त चालतात, त्यामुळे मराठी घराला हे पथ्य युरोपातील घराइतके जड नाही. अडचण येते ती नकळत पोटात जाणाऱ्या गव्हाची. रवा, मैदा, दलिया, शेवया हे सहज ओळखू येतात. पण बाजारी कुटलेल्या हिंगात पुष्कळदा मैदा असतो आणि सातूच्या पिठात गहू असतो, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापलेल्या वेष्टनातील पदार्थात ग्लुटेन किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये, असा भारतातील अन्नसुरक्षेचा नियम आहे. गावच्या गिरणीला असे कोणतेही वेष्टन नसते. गव्हाच्या पाठोपाठ त्याच चक्कीत दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ येतेच. अशा घराचे दळण वेगळ्या जात्यावर किंवा घरगुती चक्कीवर करणे हाच उपाय. तशी सोय नसल्यास भात आणि डाळींवर भर द्यावा लागतो. शाळेत सहलीला वा वाढदिवसाला वाटली जाणारी बिस्किटे या मुलाला द्यायची नाहीत, हे शिक्षकांना आधीच माहीत असले तर ते मूल वर्गात वेगळे पडत नाही. आणि त्याच्या भावंडांना काही त्रास नसला तरी त्यांची रक्ततपासणी एकदा करून घ्यावी लागते.