मुख्यमंत्री झालेल्या मनूला

चि. मनू,



तू शाळेच्या मंत्रिमंडळाची मुख्यमंत्री झालीस हे तुझ्या बाबाकडून कळलं. फार आनंद झाला. पण तो म्हणाला, "आता शाळेत हिचाच दरारा!" तो शब्द मला खटकला, म्हणून सविस्तर लिहायला बसले. मुलांनी मतं देऊन तुला निवडलंय. त्यांच्या अडचणी सरांच्या कानावर घालणं हे तुझं पहिलं काम, आणि शाळेचे नियम मुलांना पटवून देणं हे दुसरं. हा क्रम उलटा झाला की मुलं तुला सरांची माणूस समजतील, आणि मग तुझं कुणी ऐकणार नाही.

सगळ्यात आधी फळ्याबद्दल सांगते. ऑफ तास असला की मॉनिटर खडू घेऊन उभा राहतो. फळ्याच्या कोपऱ्यात 'बोलणारी मुले' असं लिहून खाली नावं लिहितो. पुन्हा बोललं की नावापुढे फुली, आणखी बोललं की आणखी एक फुली. शाळेत शिकवत असताना अशा याद्या मी खूप पाहिल्या. त्यातून वर्गापेक्षा मॉनिटरच जास्त कळायचा. त्याच्या जिवलग मित्राचं नाव यादीत कधी नसायचं, आणि मागच्या बाकावरच्या एखाद्याचं रोज असायचं, तो तोंड मिटून बसला तरी. असं रोज नाव लागलं की त्या मुलालाही गप्प बसण्यात काही राम वाटत नाही.

तुझ्या वर्गप्रतिनिधींना सांग, नावं लिहिण्याआधी वर्गाला काम द्या. फळ्यावर एक गणित घाला, कुणाला तरी धडा मोठ्यानं वाचायला लावा. मुलं बहुतेक वेळा रिकामी असतात म्हणून दंगा करतात. एवढं करूनही नाव लिहायची वेळ आली, तर आधी एकदा त्या मुलाजवळ जाऊन हळू आवाजात सांगा. आणि तुझी लाडकी मैत्रीण बोलत असेल, तर तिचं नाव सगळ्यांत आधी लिही. ती दोन दिवस अबोला धरेल, पण वर्ग तुझ्यावर विश्वास ठेवेल.

काही ठिकाणी मॉनिटरच्या हातात छडी देतात. तू ती घेऊ नकोस. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी घातली आहे. जे शिक्षकालाही करता येत नाही, ते तुला कसं चालेल? उठाबशा काढायला लावणं, कुणाला 'ढ' म्हणणं हेसुद्धा नको. कुणी करायला सांगितलंच, तर "सर, हे मला जमणार नाही" असं नम्रपणे सांग. ते सांगायला धैर्य लागतं, आणि ते तुझ्यात आहे.

छडीशिवाय शिस्त कशी लागते ते बघ. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये असताना छात्रालयही सांभाळायचे. मुलांच्या खोल्यांत पसारा दिसला की रागावण्याऐवजी ते स्वतःच आवरायला लागायचे, मुलांचे कपडेसुद्धा धुवायचे. मुलांनाच संकोच वाटू लागला आणि ती आपलं आपण आवरू लागली. मला यापेक्षा चांगली शिस्त माहीत नाही. परिपाठाला तू वेळेवर रांगेत असलीस, मधली सुट्टी संपल्याची घंटा झाल्यावर नळापाशी रेंगाळली नाहीस, तर बाकीच्यांना सांगायला तुझी जीभ अडखळणार नाही.

आता चहाडीचं. वही विसरली, गृहपाठ राहिला, असल्या गोष्टी सरांपर्यंत नेऊ नकोस, आपसात मिटव. पण पाचवीतल्या मुलाला कुणी धमकावून पैसे मागत असेल, कुणाच्या खिशात गुटख्याची पुडी सापडली, किंवा एखादी मुलगी रडत "कुणाला सांगू नकोस" म्हणाली, तर त्याच दिवशी विश्वासातल्या बाईंना सांग. स्वतः चौकशी करत बसू नकोस. तो भार तुझ्या वयाला पेलणारा नाही. 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर तक्रारपेटीशेजारी मोठ्या अक्षरांत लावून घे.

तुमची पहिली बैठक येत्या शनिवारी आहे म्हणे. उशिरा येणाऱ्यांना फाटकाबाहेर उभं करायचा ठराव येणार असंही बाबा म्हणाला. त्याआधी उशिरा येणाऱ्यांची हजेरी नीट बघ. तुमच्या शाळेत वाड्यावस्त्यांवरून एसटीनं येणाऱ्या मुली बऱ्याच आहेत. त्यांना पास मोफत मिळतो, पण सकाळची गाडी एकच, आणि ती चुकली किंवा उशिरा सुटली तर त्या काय करणार? त्यांना बैठकीत बोलव, त्यांच्याच तोंडून ऐका, आणि गाडीची वेळ बदलून मिळावी म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीनं आगारप्रमुखांना अर्ज द्या. फाटकाचा ठराव त्यानंतर घ्या.

तुझी,
आत्या